चार सेंटिमीटरची रेषा : मूत्रपिंडातील लहान गाठीचा इतिहास (दीर्घ धागा)

२ ऑगस्ट १८६९. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सिमोन या शल्यविशारदाने मार्गारेठा क्लेब नावाच्या ४६ वर्षांच्या स्त्रीचे एक मूत्रपिंड काढले. तिला कर्करोग नव्हता. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी नको त्या मार्गाने सतत पाझरत होती. छिद्र बुजवण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा त्या बाजूचे मूत्रपिंडच काढून टाकावे, म्हणजे पाझराचा उगमच थांबेल, असा विचार सिमोन यांनी केला.

त्या काळी हा विचार जवळजवळ वेडेपणाचा होता. उरलेले एकटे मूत्रपिंड माणसाला जगवू शकेल का, याचे खात्रीचे उत्तर कोणापाशीही नव्हते. सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक मूत्रपिंड काढलेली कुत्री जगतात आणि धडधाकट राहतात, हे पाहिल्यावरच त्यांनी माणसावर शस्त्र चालवले. क्लेब वाचली, बरी झाली.

त्याच्या आठ वर्षे आधी, १८६१ मध्ये, अमेरिकेतील मिलवॉकी येथे इरॅस्टस वोल्कॉट यांनी यकृताची समजून एक मोठी गाठ काढली होती. बाहेर आल्यावर कळले की ती मूत्रपिंडाची होती. तो रुग्ण सुमारे पंधरवड्यात दगावला. म्हणजे मूत्रपिंडाच्या गाठीची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया चुकीच्या निदानातून झाली. सिमोन यांची मात्र ठरवून, आखून केलेली होती, आणि म्हणून इतिहासात मान तिला मिळाला.

मात्र हायडेलबर्गच्या त्या यशातून एक समजूत जन्मली : एक मूत्रपिंड पुरते. ही समजूत खोटी नव्हती. पण पुढे शंभर वर्षे ती इतकी सोयीची ठरली की तिची उलटतपासणी करण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही. मूत्रपिंडात गाठ दिसली, की मूत्रपिंड काढा. गाठ केवढी, हा प्रश्न दुय्यम राहिला.

खरे तर लहान गाठींकडे लक्ष फार लवकर गेले होते. १८८३ मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांचे सहायक असलेले पॉल ग्राविट्झ मूत्रपिंडाच्या आवरणाखाली आढळणाऱ्या पिवळसर गाठींचा अभ्यास करत होते. तोवर त्यांना चरबीच्या निरुपद्रवी गाठी मानले जाई. ग्राविट्झ म्हणाले, या चरबीच्या नव्हेत. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचे तुकडे गर्भावस्थेत मूत्रपिंडात अडकून राहतात आणि त्यांतून या गाठी वाढतात.

निरीक्षण अचूक होते, अनुमान चुकले. तरीही ‘हायपरनेफ्रोमा’ हे त्या चुकीच्या अनुमानावर आधारलेले नाव पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसले. या गाठी मूत्रपिंडाच्याच सूक्ष्म नलिकांतून उगवतात, असे पॉल झुडेक यांनी १८९३ मध्ये मांडले होते. वादावर पडदा पडायला १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी चार्ल्स ओबरलिंग आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नलिकेतील पेशी आणि कर्कपेशी यांच्या रचनेतील साम्य दाखवून दिले. एका नावाने साठ-सत्तर वर्षे दिशाभूल करावी, हे वैद्यकाच्या इतिहासात वाटते तितके दुर्मीळ नाही.

पुन्हा हायडेलबर्गला येऊ. सिमोन १८७६ मध्ये वारले. त्यांच्या जागी आले बिलरोथ यांचे शिष्य व्हिन्सेंट्स चेर्नी. १८८७ मध्ये चेर्नी यांनी एका रुग्णाच्या मूत्रपिंडातील गाठ तेवढी काढली आणि उरलेले मूत्रपिंड जागेवर ठेवले. कर्करोगासाठी मूत्रपिंडाचा केवळ भाग काढण्याची ही पहिली नोंद मानली जाते. ज्या शहराने ‘सगळे काढा’ हे शिकवले, त्याच शहरात अठरा वर्षांनी ‘हवे तेवढेच काढा’ हेही करून दाखवले गेले!

मग ही वाट पुढे का गेली नाही? कारण मूत्रपिंड हा रक्ताने भरलेला अवयव आहे. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांतून वाहतो. अशा अवयवाला मधोमध छेद द्यायचा, रक्तस्राव थांबवायचा, कापलेल्या कडेतून लघवी पाझरू नये म्हणून तो पुन्हा शिवायचा, आणि हे सारे रक्तपेढी व प्रतिजैविके नसलेल्या काळात. अख्खे मूत्रपिंड काढणे त्या मानाने सोपे होते : धमनी बांधा, शीर बांधा, मूत्रवाहिनी कापा. सोप्या वाटेने जाणाऱ्यांना दोष देता येत नाही.

शिवाय त्या काळी लहान गाठ जिवंत माणसात सापडतच नसे. मूत्रपिंड पोटाच्या मागच्या भिंतीला, खोलवर, फासळ्यांच्या आडोशाला असते. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारा गोळा ही तीन लक्षणे एकत्र दिसली की निदान होई, आणि तोवर रोग बहुधा पुढे गेलेला असे. गोळा बाहेरून हाताला लागतो, याचा अर्थच तो लहान नाही.

आत डोकावण्याची पहिली युक्तीही हायडेलबर्गमध्येच निघाली. १९०६ मध्ये फ्रीडरिश फ्योल्कर आणि अलेक्झांडर फॉन लिख्टेनबर्ग यांनी मूत्रवाहिनीतून चांदीचे द्रावण वर चढवून क्ष-किरणांवर मूत्रपिंडाच्या पोकळीचा आकार पाहिला. पुढे १९२९ मध्ये बर्लिनमध्ये तरुण अमेरिकी डॉक्टर मोझेस स्विक यांच्या कामातून असे द्रव्य आले, की ते शिरेतून टोचले तरी मूत्रपिंड ते गाळून आपणच आपले चित्र काढून देई. (श्रेय कोणाचे, यावरून स्विक आणि लिख्टेनबर्ग यांच्यात जो वाद पेटला, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) पण या चित्रात दिसे ती पोकळी. गाठीने पोकळीचा आकार बिघडवला तरच ती कळे. दोन-तीन सेंटिमीटरची, कडेला वाढणारी गाठ या जाळ्यातून सहज निसटे.

लहान गाठ दिसे ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. मिनेसोटा विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ ई. टी. बेल यांनी असंख्य शवविच्छेदनांतील मूत्रपिंडाच्या गाठी मोजल्या, आणि १९३८ मध्ये व नंतर १९५० मधील आपल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवले : ३ सेंटिमीटरहून लहान गाठी शरीरात इतरत्र क्वचितच पसरलेल्या आढळतात.

यातला ‘क्वचितच’ हा शब्द महत्त्वाचा होता. बेल यांच्या स्वतःच्या नोंदींतही काही लहान गाठी पसरलेल्या होत्या. पण पाठ्यपुस्तकांनी शब्द गाळला आणि आकडा उचलला. ३ सेंटिमीटरच्या आत असेल तर निरुपद्रवी, वर असेल तर कर्करोग, असा ठोकताळा रूढ झाला. निसर्ग मोजपट्टी घेऊन बसत नाही. माणसाला मात्र निर्णयासाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती कुठे ओढायची यावरच पुढची साठ वर्षे झगडा चालला.

१९५० मध्ये व्हिन्सेंट वर्मूटन यांनी चेर्नींची विसरलेली वाट पुन्हा दाखवली. मूत्रपिंडाचा सर्वांत सामान्य कर्करोग आजूबाजूच्या पेशींना बाजूला सारत, स्वतःभोवती कवच तयार करत वाढतो. मग कडेच्या, कवचबंद गाठीभोवतीची थोडी निरोगी कड घेऊन तेवढीच काढली तर का चालू नये? युक्तिवाद नेटका होता. त्याला अनुयायी मात्र थोडे मिळाले, कारण वारा उलट दिशेने वाहू लागला होता.

तो वारा टोरांटोहून आला. चार्ल्स रॉबसन यांनी १९६३ मध्ये आणि अधिक तपशिलाने १९६९ मध्ये आपल्या रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांची पद्धत कठोर होती. रोमानियन शरीररचनातज्ज्ञ दिमित्रिए गेरोटा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पडद्यासकट मूत्रपिंड, भोवतालची चरबी, वरची अधिवृक्क ग्रंथी आणि जवळच्या लसीका ग्रंथी, सारे एकत्र काढायचे. त्याआधी रक्तवाहिन्या बांधायच्या, म्हणजे हाताळताना कर्कपेशी रक्तात जाणार नाहीत. मोठ्या, उशिरा सापडलेल्या गाठींच्या त्या जगात या पद्धतीने रुग्ण अधिक काळ जगताना दिसले, आणि ती जगभर प्रमाण ठरली.

रॉबसन यांनी रोगाच्या चार अवस्थाही प्रचलित केल्या. पहिली : रोग मूत्रपिंडाच्या आत. दुसरी : बाहेरच्या चरबीत, पण गेरोटाच्या पडद्याच्या आत. तिसरी : मोठ्या शिरेत किंवा लसीका ग्रंथींत. चौथी : शेजारच्या अवयवांत किंवा दूरवर. या वर्गीकरणात आकाराला स्थानच नव्हते. २ सेंटिमीटरची गाठ आणि १२ सेंटिमीटरची गाठ, दोन्ही मूत्रपिंडाच्या आत असतील तर दोन्ही ‘पहिली अवस्था’, आणि दोन्हींना एकच उपचार. रॉबसन यांच्या काळी हे फारसे खटकले नाही, कारण २ सेंटिमीटरची गाठ घेऊन त्यांच्याकडे येणारच कोण?

मग १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र काढले. काही वर्षांतच सीटी स्कॅन मेंदूवरून पोटाकडे वळले. सोनोग्राफीही रुळली. पित्ताशयातले खडे पाहायला गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडात अडीच सेंटिमीटरची गाठ दिसू लागली. लघवीत रक्त नाही, दुखणे नाही, हाताला गोळा नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावरची बेल यांची गाठ आता जिवंत माणसाच्या हातातल्या अहवालात येऊन बसली.

या नव्या रुग्णासाठी जुने वर्गीकरण अपुरे पडले. फ्रेंच शल्यविशारद प्येर देन्वा यांनी १९४०च्या दशकात मांडणी सुरू केलेल्या टीएनएम पद्धतीत मूळ गाठ, लसीका ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांची वेगवेगळी नोंद होते. मूत्रपिंडासाठी या पद्धतीत १९८७ मध्ये पहिली पायरी, म्हणजे टी१, २.५ सेंटिमीटरला ठरली. १९९७ मध्ये ती थेट ७ सेंटिमीटरवर गेली, कारण अडीचच्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या रुग्णांच्या आयुर्मानात म्हणावा तसा फरक दिसेना. २००२ मध्ये टी१चे दोन भाग झाले : ४ सेंटिमीटरपर्यंत टी१ए, ४ ते ७ पर्यंत टी१बी. पंधरा वर्षांत तीन रेषा!

यातली ४ सेंटिमीटरची रेषा आली कुठून? मुख्यतः क्लीव्हलँड क्लिनिकमधून. तेथे अँड्र्यू नोविक यांनी सुरुवात केली ती नाइलाजाच्या रुग्णांपासून. ज्याला जन्मतः एकच मूत्रपिंड आहे आणि त्यातच गाठ आहे, त्याचे मूत्रपिंड काढले तर उरते आयुष्यभराचे डायलिसिस. अशा रुग्णांत धमनी तात्पुरती बंद करून, मूत्रपिंड बर्फाने थंड ठेवून, गाठीपुरता भाग काढण्याचे तंत्र घोटले गेले. या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण भीती होती तितके नव्हते. मग साहजिकच प्रश्न आला : दोन्ही मूत्रपिंडे असणाऱ्याला हीच सवलत का नाही?

१९९९ मध्ये हाफेझ, फर्गानी आणि नोविक यांनी अशा ४८५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर रोग परतण्याचे प्रमाण कमी आणि आयुर्मान अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. तीन वर्षांनी हीच रेषा अधिकृत वर्गीकरणात उतरली. गंमत अशी की ती मुळात गाठीच्या स्वभावाची रेषा नव्हती. कोणत्या गाठीला मूत्रपिंड वाचवणारी शस्त्रक्रिया मानवते, याची ती रेषा होती. उपचाराने आखलेली सीमा रोगाची सीमा बनली.

दरम्यान तंत्रज्ञानाने आणखी एक वळण घेतले. २५ जून १९९० रोजी सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून जगातील पहिले मूत्रपिंड काढले. रुग्ण होती ८५ वर्षांची स्त्री, गाठ होती सुमारे ३ सेंटिमीटरची. काढलेले मूत्रपिंड पोटातच पिशवीत घालून, बारीक तुकडे करून छोट्या छिद्रातून बाहेर काढले. शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जातो, आणि योग्यच आहे. पण त्या गाठीचा तपासणी-अहवाल फारसा कोणी सांगत नाही : ती ऑन्कोसायटोमा, म्हणजे कर्करोग नसलेली, सौम्य गाठ होती.

ही घटना अपवाद नव्हती. २००३ मध्ये मेयो क्लिनिकच्या फ्रँक आणि सहकाऱ्यांनी काढून टाकलेल्या २,९३५ गाठींची छाननी केली. १ सेंटिमीटरहून लहान गाठींपैकी सुमारे ४६ टक्के सौम्य निघाल्या. आकार वाढला तसे हे प्रमाण उतरत गेले. म्हणजे ज्या गाठी सर्वांत लवकर सापडत होत्या, त्यांतच निरुपद्रवी सर्वांत जास्त होत्या.

दुर्बिणीने एक विचित्र परिणामही घडवला. दुर्बिणीतून अख्खे मूत्रपिंड काढणे तुलनेने लवकर जमू लागले. गाठीपुरता भाग काढणे मात्र फार कौशल्याचे काम राहिले. छोटी जखम आणि झटपट घरी परतणे यांचे आकर्षण असे, की ज्यांचे मूत्रपिंड वाचू शकले असते अशांचीही मूत्रपिंडे दुर्बिणीतून जात राहिली. सोप्या वाटेचा मोह एकोणिसाव्या शतकापुरता नव्हता.

‘एक मूत्रपिंड पुरते’ या समजुतीला बोस्टनमधल्या १९५४च्या प्रत्यारोपणापासून भक्कम पुरावाही मिळाला होता : मूत्रपिंडदाते एका मूत्रपिंडावर सुखाने जगतात. युक्तिवादातली फट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमधील हुआंग आणि सहकाऱ्यांनी उघडी केली. दाता हा पारखून निवडलेला निरोगी माणूस असतो. गाठ असलेला रुग्ण बहुधा वयस्क, अनेकदा मधुमेही किंवा रक्तदाबाचा. त्यांनी अभ्यासलेल्या ६६२ रुग्णांची दोन्ही मूत्रपिंडे जागेवर होती आणि रक्ततपासणी वरवर ठीक होती, तरी त्यांतील २६ टक्क्यांची मूत्रपिंडे शस्त्रक्रियेआधीच थकलेली होती. गाठीपुरता भाग काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतरही मूत्रपिंडाच्या नव्या दुबळेपणापासून मुक्त राहिले. अख्खे काढलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते.

इथे गोष्ट संपली असती तर ती फार सरळ झाली असती. युरोपात १९९२ पासून एक चाचणी चालू होती. तीत ५ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींच्या ५४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी झाली होती. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ती मुदतीआधी थांबली. हेंड्रिक व्हॅन पॉपेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष दिले : दहा वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण अख्खे मूत्रपिंड काढलेल्यांत ८१.१ टक्के, भाग काढलेल्यांत ७५.७ टक्के. अपेक्षेच्या नेमके उलट! कर्करोगाने मृत्यू दोन्हीकडे थोडेच होते. चाचणी अर्धवट होती, काही रुग्णांचे गट शस्त्रक्रियेच्या वेळी बदलले, आक्षेप रास्त आहेत. तरीही या प्रश्नावर उत्तर देणारी यादृच्छिक चाचणी ही एवढीच होती, आणि मूत्रपिंड वाचवले म्हणजे आयुष्य वाढलेच, असे ठणकावून सांगण्याची सोय तिने काढून घेतली.

याच सुमारास आणखी अस्वस्थ करणारा प्रश्न पुढे आला. २००६ मध्ये हॉलिंग्जवर्थ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९८३ ते २००२ ची आकडेवारी मांडली. लहान गाठी झपाट्याने वाढल्या होत्या, त्यांच्या शस्त्रक्रियाही वाढल्या होत्या. मग मूत्रपिंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटायला हवे होते. ते घटले नव्हते, उलट वाढले होते. लवकर सापडलेल्या गाठींतल्या बऱ्याचशा माणसाला मारणाऱ्या नव्हत्याच, अशी शंका यातून बळावली.

ती तपासायची तर गाठ न काढता तिच्याकडे पाहत राहणे आले. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बोस्नियाक यांनी १९९०च्या दशकातच लहान गाठी किती सावकाश वाढतात हे दाखवले होते. २००६ मध्ये चावला आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या नोंदी एकत्र केल्या. सरासरी वाढ निघाली वर्षाला ०.२८ सेंटिमीटर, आणि दूरवर पसरलेल्या गाठी सुमारे १ टक्का. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांसाठी हा मोठा दिलासा होता. सुईवाटे थंडीने गोठवून किंवा उष्णतेने जाळून गाठ नष्ट करण्याचे उपायही अशांसाठी तोवर आले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्स्टन लिनेहन आणि सहकारी एका निराळ्याच दिशेने तिथेच पोहोचले. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारात दोन्ही मूत्रपिंडांत पुन्हा पुन्हा गाठी उगवतात. प्रत्येक गाठीमागे शस्त्रक्रिया केली तर काही वर्षांत मूत्रपिंडच उरणार नाही. म्हणून सर्वांत मोठी गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत थांबायचे, असे त्यांनी ठरवले. १९९९ च्या त्यांच्या अहवालात या मर्यादेखालच्या एकाही रुग्णात रोग दूरवर पसरला नव्हता. बेल यांचा ३ हा आकडा अशा रीतीने परतला. या वेळी तो गाठ साधी की घातक हे सांगत नव्हता. शस्त्र कधी उचलायचे, एवढेच सांगत होता.

आणि २०११ मध्ये टोरांटोतून पुन्हा एक अहवाल आला. रॉबसन यांच्याच शहरात, मायकेल ज्यूएट आणि सहकाऱ्यांनी १७८ रुग्णांच्या लहान गाठी शस्त्रक्रिया न करता, ठरावीक अंतराने चित्रे काढत, निगराणीखाली ठेवल्या होत्या. सरासरी वाढ वर्षाला ०.१३ सेंटिमीटर. दूरवर प्रसार १.१ टक्के रुग्णांत. ज्या शहरातून ग्रंथी, चरबी, पडद्यासकट सगळे काढण्याचा दंडक जगभर गेला, तेथेच आता डॉक्टर रुग्णाला सांगत होते, की सहा महिन्यांनी पुन्हा या, तोवर काहीही कापायचे नाही.

अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये टी१ए गाठींसाठी मूत्रपिंड वाचवणारी शस्त्रक्रिया प्रमाण मानली होती, आणि शस्त्रक्रियेचा धोका मोठा असेल अशांसाठी निगराणीचा पर्याय मान्य केला होता. २०१७ मध्ये टीएनएमची आठवी आवृत्ती आली. टी१एची मर्यादा तिच्यातही ४ सेंटिमीटरच राहिली.